मर्ढेकर आणि पायताण

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षा महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांना ठाऊक आहेत. राज्याचं कला संचालनालय त्या घेतं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, भूमिती व अक्षरलेखन, संकल्पचित्र हे त्यांतले नेहमीचे पेपर. मी कळंब्याला राहते. शाळेतल्या चित्रकला शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून घरीच या परीक्षांचे वर्ग घेते. बाहेरच्या माणसाला कळंबा म्हटलं की मध्यवर्ती कारागृह आठवतं, कोल्हापूरच्या माणसाला तलाव आठवतो. माझ्या वर्गातली मुलं या दोन्हींच्या आसपासच्या गल्ल्यांतून, कॉलन्यांतून येतात. त्यांना शिकवताना मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावतो तो संकल्पचित्राचा पेपर.

या पेपरात एक आकार दिलेला असतो, बहुधा चौकोन किंवा वर्तुळ. त्यात पानं-फुलं, पक्षी किंवा भौमितिक आकार घेऊन रचना करायची, ठरावीक रंगसंगतीत रंगवायची. मुलं हे मनापासून करतात. पोस्टर रंगाचा हात सपाट बसला पाहिजे, कडा फाटता कामा नयेत, एक आकार दुसऱ्यावर चढला तर रंग बदलला पाहिजे. महिन्या-दोन महिन्यांत हात तयार होतो. मग मी विचारते, “हा चौकोन आहे कशाचा? रुमाल आहे, फरशी आहे, की पुस्तकाचं वेष्टन?” मुलं माझ्याकडे बघत राहतात. प्रश्नपत्रिकेत ते लिहिलेलंच नसतं.

रचनेची म्हणून जी मूलतत्त्वं आज सगळीकडे शिकवतात, ती थोडक्यात अशी. बिंदू, रेषा, आकार, रंग, छटा, पोत आणि अवकाश ही झाली सामग्री. तोल, लय, विरोध, प्रमाण, प्राधान्य आणि एकसंधपणा हे ती सामग्री मांडण्याचे नियम. या विचाराला अभ्यासक्रमाची शिस्त देणाऱ्या संस्थांमध्ये जर्मनीतल्या बाउहाउसचं नाव अग्रभागी आहे. वॉल्टर ग्रोपिअस यांनी ती 1919 साली वायमार इथे सुरू केली. योहानेस इटेन तिथे नव्या विद्यार्थ्यांचा पायाभूत वर्ग घेत: रंगांचे विरोध, खरखरीत आणि गुळगुळीत, जड आणि हलकं. तिथेच शिकवणाऱ्या कँडिन्स्कींनी 1926 साली बिंदू, रेषा आणि प्रतल यांवर अख्खं पुस्तक लिहिलं. पण त्या शाळेची एक गोष्ट आपण सहसा सांगत नाही. पायाभूत वर्ग हा तिथे नुसता उंबरठा होता. तो ओलांडला की विद्यार्थी कार्यशाळेत जायचा; लाकूड, धातू, माती, माग यांपैकी काहीतरी हाताखाली यायचं आणि त्यातून खुर्ची, किटली, सतरंजी घडवायची. आपल्या शाळांत उंबरठ्यापर्यंतचा भाग शिकवला जातो. आत नेण्याचं राहून जातं, आणि मूल मोठेपणी समजून बसतं की डिझाईन म्हणजे तयार वस्तूवर वरून काढायची नक्षी.

सौंदर्याचा विचार करायला मराठी माणसाला वायमारपर्यंत जायची गरज नाही. बा. सी. मर्ढेकर आपल्याला कवी म्हणून माहीत असतात. याच मर्ढेकरांनी सुंदर म्हणजे काय या प्रश्नावर फार चिवट विचार केला. त्यांचं ‘सौंदर्य आणि साहित्य’ हे पुस्तक 1955 साली आलं, पुढच्याच वर्षी ते गेले, आणि या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मरणोत्तर मिळाला. पुस्तक कठीण आहे, पण त्याचा गाभा मी आठवीतल्या मुलाला सांगू शकते. मर्ढेकर म्हणतात, सौंदर्य सुट्या रंगात किंवा सुट्या सुरात नसतं. एका रंगाचं दुसऱ्याशी, एका सुराचं दुसऱ्याशी जे नातं जुळतं त्यात ते असतं. ही नाती तीन प्रकारची: संवाद, विरोध आणि समतोल. सारखं सारख्याला साद देतं तो संवाद. एकमेकांविरुद्धच्या गोष्टी एकमेकींना उठाव देतात तो विरोध. आणि वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींना तोलून धरतात तो समतोल. या तिन्हींच्या गुंफणीला त्यांनी लय म्हटलं.

बाउहाउसची लांबलचक यादी मर्ढेकरांच्या तीन शब्दांत मावते, असं मला शिकवताना सतत जाणवतं. परीक्षेची तयारी करून घेताना मी हेच तीन शब्द फळ्यावर लिहिते. निळ्याशेजारी जांभळा ठेवलास तर संवाद, नारिंगी ठेवलास तर विरोध. डाव्या कोपऱ्यात मोठं पान आणि उजवीकडे तीन लहान फुलं, हा समतोल. मुलांना ते लगेच कळतं.

मात्र मर्ढेकरांची आणखी एक भूमिका आहे आणि तिथे माझं अडतं. सौंदर्याचा अनुभव रोजच्या व्यवहारापेक्षा वेगळ्या जातीचा आहे, उपयोग आणि फायदा यांच्याशी त्याचा संबंध नाही, असा त्यांचा आग्रह आहे. चित्राला, गाण्याला हे लागू पडतं. कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाने मात्र हे वाक्य वाचून एकदा स्वतःच्या पायांकडे बघावं.

कोल्हापुरी चप्पल मी वर्गात मधोमध ठेवते आणि वस्तुचित्र काढायला सांगते. काढायला ती अवघड आहे. मुलं आधी पट्ट्यावरची नक्षी काढायला धावतात, तळाचा आकार चुकतो आणि मग नक्षी बसवायला जागाच राहत नाही. म्हणून आधी तळ. पायापेक्षा चहूबाजूंनी थोडा रुंद, पुढे गोलसर, मध्ये किंचित आत गेलेला. त्यावर आडवा पट्टा. पट्ट्यापासून पुढे अंगठ्यापर्यंत गेलेली वेणी आणि अंगठा अडकवायची गोल पट्टी. आणि दोन्ही बाजूंना कान.

हे कान काय असतात, हे मला सुभाषनगरातल्या एका कारागीर मामांनी समजावलं. मी त्यांना विचारलं होतं की या कानांचा आकार तुम्ही कशावरून ठरवता. ते म्हणाले, “बाई, कान शोभंला न्हाई ओ. पट्टा धरायला हाय. खिळा मारायचा न्हाई म्हटल्यावर पट्टा कशानं धरणार?” बस्स, एवढंच. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. तळाच्या थरांमध्ये चामड्याचा जो तुकडा दोन्ही बाजूंनी बाहेर काढलेला असतो तोच कान. पट्टा त्यात धरला जातो आणि सगळं चामड्याच्याच वादीने शिवलं जातं. मुलं ज्याला सजावट समजून काढतात, तो त्या वस्तूचा सांधा आहे. आणि तरीही तो सुंदर आहे. त्याची वळणदार कड तळाच्या वळणाला साद देते. मर्ढेकरांचा संवाद इथे नुसत्या शोभेसाठी आलेला नाही. एकाच चामड्यातून, एकाच रापीने, एकाच हाताने कापल्यामुळे तो अटळपणे आला आहे.

तसाच विरोध. तळ म्हशीच्या किंवा बैलाच्या जाड चामड्याचा, कारण त्याला दगड, काटे आणि तापलेली वाट सोसायची असते. वेणी शेळीच्या मऊ चामड्याची, कारण ती बोटांच्या कातडीला लागते. जाड आणि नाजूक, खरखरीत आणि गुळगुळीत असा विरोध डोळ्यांना सुखावतो तो रचना म्हणून. आधी तो पायाच्या दोन वेगवेगळ्या गरजांमधून जन्मलेला असतो. रंगाचंही तेच. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या चामड्याला तो तांबूस तपकिरी रंग आपोआप येतो. तेल पाजलं की तो गडद होतो आणि वापराने मुरतो. त्या सगळ्या तपकिरीत एखादा लाल गोंडा किंवा पट्ट्यावरची जर चमकते, आणि तेवढ्याने समतोल साधतो. गोंडा दुप्पट मोठा केला तर चप्पल बिघडते. मुलांना मी तसं काढून बघायला लावते, आणि बिघडलेलं चित्र त्यांना चांगल्या चित्रापेक्षा जास्त शिकवून जातं.

कापशी, कुरुंदवाडी, पुडा, बक्कलनाली असे कितीतरी प्रकार आहेत. काहींची नावं गावांवरून पडली, काहींची घडणीवरून. घरात, शेतात आम्ही सगळ्यालाच पायताण म्हणतो. प्रत्येक प्रकारात या तीन नात्यांचं प्रमाण बदलतं. शेतकऱ्याच्या जड पायताणात तळच बोलतो, वेणी नावापुरती. लग्नाच्या जोडात पट्टा आणि गोंडा पुढे येतात. पण सांध्याचं तत्त्व कायम राहतं, आणि त्यामुळे लांबूनही ती कोल्हापुरी म्हणून ओळखू येते.

सौंदर्याचा प्रयोजनाशी संबंध काय, हा प्रश्न तत्त्वज्ञांनीही सोडलेला नाही. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी 1790 साली सौंदर्याचे दोन प्रकार सांगितले. एक स्वायत्त: फूल, रंगीत पक्षी, समुद्रातले शिंपले, चौकटीवरची वेलबुट्टी. हे सुंदर वाटायला ते कशासाठी आहेत हे ठाऊक असावं लागत नाही. दुसरं परायत्त: इमारत, घोडा, माणूस. यांचं सौंदर्य त्यांनी कसं असायला हवं या कल्पनेशी बांधलेलं असतं. कांट यांच्या दृष्टीने निखळ सौंदर्य पहिलंच. गंमत बघा, त्यांच्या पहिल्या यादीतली वेलबुट्टी म्हणजे आमच्या परीक्षेतलं संकल्पचित्रच. हा सगळा विचार मराठीत समजावून सांगण्याचं मोठं काम रा. भा. पाटणकरांनी केलं. त्यांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ने 1974 साली एक फार शहाणपणाची मांडणी केली. कलेकडे बघताना आपण दोन टोकांमध्ये वावरत असतो, असं ते म्हणतात. एका टोकाला अलौकिकतावाद: कला जीवनापासून वेगळी, तिचे नियम तिचे. दुसऱ्या टोकाला लौकिकतावाद: कला जीवनाचाच भाग, जीवनातली मूल्यं तिलाही लागू. पाटणकर यांतलं एक टोक कापून टाकत नाहीत. दोन्ही ध्रुव धरूनच सौंदर्याची कल्पना उभी राहते असं ते दाखवतात.

पाटणकर वाचल्यावर मला चप्पल आणि मर्ढेकर यांच्यात निवड करावी लागेनाशी झाली. माझं म्हणणं एवढंच आहे. संवाद, विरोध आणि समतोल ही नाती खरी आहेत, पण ती कशाकशात जोडायची हे कुठूनतरी यावं लागतं. चित्रकाराकडे ते मनातून येतं. वस्तू घडवणाऱ्याकडे ते पायाकडून, चामड्याकडून, हवामानाकडून येतं. प्रयोजन सौंदर्याच्या आड येत नाही. ते सौंदर्याला धरायला काहीतरी देतं. पावसाचंच घ्या. झाडांच्या सालींत कमावलेलं चामडं पाण्यात खराब होतं, म्हणून आमच्याकडे पावसाळ्यात कोल्हापुरी पुसून, तेल लावून ठेवून देतात. ही त्या वस्तूची मर्यादा आहे, आणि ती मान्य करूनच तिचं रूप इतकं सडसडीत राहिलं आहे.

यावर मुलं एक चांगला प्रश्न विचारतात: मग फक्त उपयोगी असलं की सुंदर होतं का? नाही. प्लास्टिकची चप्पल उपयोगी आहेच, तरी ती सुंदर नाही. उपयोगापुढे काय लागतं ते सांगायला मी एका मंदिराचं उदाहरण देते. शिरोळ तालुक्यात खिद्रापूरला कृष्णेकाठी कोपेश्वराचं मंदिर आहे, बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं. त्याच्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे आणि त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा आहे. होमाचा धूर वर जावा म्हणून छत उघडं ठेवलं, असं सांगतात. धुरासाठी भिंतीत झरोकाही पुरला असता. पण घडवणाऱ्यांनी वरच्या वर्तुळाला खालच्या वर्तुळाची साद दिली, भोवती खांबांचं कडं उभं केलं, आणि एकाच खांबात चौरस, अष्टकोन आणि गोल एकावर एक चढवले. तिथे उभं राहिलं की मान आपोआप वर जाते. गरजेने सुरुवात करून दिली, आणि पुढचं सगळं त्या गरजेची कड धरून लयीने केलं. गरज नुसती भागवली की साधी वस्तू होते. तिच्यातली लय शोधली की ती सुंदर होते.

रचनेचा विचार करणाऱ्या जगाने हे भारताकडून शिकल्याचीही नोंद आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याला भारत सरकारने बोलावलं होतं. 1958 साली त्यांनी जो अहवाल दिला त्याच्या आधारावर 1961 साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाईन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सर्वांत कौतुकाने लिहिलं ते आपल्या लोट्याबद्दल. त्याचा तोल, ओतताना येणारी धार, डोक्यावर किंवा कमरेवर नेतानाचा भार, घासायची सोय, या सगळ्याचा विचार कुणा एकाने कागदावर केला नव्हता. कित्येक पिढ्यांच्या हातांनी तो करत करत तो आकार आणला. आमच्या वस्तुचित्राच्या पेपरात तांब्या हमखास असतो. मुलं त्याची लंबवर्तुळं बरोबर काढतात. त्याचा गळा तेवढाच अरुंद का, हे त्यांना कुणीतरी विचारायला हवं.

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन सोहळ्यात प्राडा या इटालियन कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा इथे मोठा संताप झाला, आणि तो रास्त होता. 2019 सालीच कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. ओरड झाल्यावर प्राडाने ती रचना भारतीय हस्तकलेवरून घेतल्याचं मान्य केलं. ते व्हायलाच हवं होतं. पण त्या दिवसांत मी जी चर्चा ऐकली ती सगळी किमतीची आणि नावाची होती. या रूपात एवढं काय आहे की मिलानला ते हवंसं वाटलं, हा प्रश्न आपल्यातही फार थोड्यांनी विचारला. ज्या समाजाने ही वस्तू घडवली त्याला आपण शतकानुशतकं गावकुसाबाहेर ठेवलं. चामडं कमावणारे, तळ कापणारे, घरी बसून वेणी विणणाऱ्या बायका यांच्या कामाला आपण कौशल्य म्हटलं, विचार म्हटलं नाही. चित्रकाराच्या वाट्याला कला आली आणि चर्मकाराच्या वाट्याला धंदा. कान कुठून काढायचा हे ज्याला पहिल्यांदा सुचलं तो मला आबालाल रहिमानांच्या बरोबरीचा रचनाकार वाटतो. आबालालांवर माझी श्रद्धा आहे. शाहू महाराजांच्या दरबारचा हा चित्रकार 1931 साली गेला, पण कोटितीर्थ आणि रंकाळ्याचं पाणी त्यांनी जसं पाहिलं तसं अजून कुणी पाहिलेलं नाही. त्यांच्या शेजारी त्या अनाम माणसाला बसवताना मला जराही अवघडल्यासारखं होत नाही.

म्हणून आता आमच्या वर्गात, परीक्षा लांब असते तेव्हा, संकल्पचित्राला चौकोन मिळत नाही. वस्तू मिळते, आणि ती कोण वापरणार ते मुलांनी स्वतः जाऊन विचारून यायचं. कधी आम्ही कळंबा तलावाच्या बांधावर जातो. कात्यायनीच्या डोंगरांकडून येणारं पाणी अडवायला संस्थानी काळात तो घातला. बांधाची लांब सरळ रेघ आणि मागच्या डोंगरांची वाकडीतिकडी रेघ यांतला विरोध मुलं लगेच टिपतात. मग मी विचारते, बांध सरळ का, सांडवा तिथेच का, पाण्याकडची बाजू उतरती का. उत्तरं शोधताना त्यांची चित्रं बदलतात. रेघ कुठे जाड करायची ते त्यांना आपोआप कळायला लागतं.

गेल्या खेपेला एका मुलाने गुळाच्या खोक्यावरचं लेबल निवडलं. त्याच्या काकांचं गुऱ्हाळ आहे. पहिल्या कागदावर त्याने पिवळा, नारिंगी, तांबडा असे सगळे उष्ण रंग भरले, भोवती उसाची पानं, छान संवाद साधलेला. मी म्हटलं, दुकानात हे खोकं कुठे ठेवतात ते बघून ये. तो मार्केट यार्डात जाऊन आला. खोकी एकावर एक, अंधाऱ्या गाळ्यात, नाव बाजूने वाचायचं. परत आल्यावर त्याने पानं काढून टाकली, नाव खोक्याच्या अरुंद बाजूवर आणलं, अक्षरं जाड केली आणि तपकिरी जमिनीवर पांढरी ठेवली. एका कोपऱ्यात उसाचं एकच पेर राहिलं. “बाई, हे पेर पण काढू का?” त्याने विचारलं. मी त्याला ते झाकून बघायला सांगितलं. बोटाने झाकून त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “नको. ते नसलं की नाव एका बाजूला पडतंय.”